कॉलेजकडनं खेळायचंय? वय आणि पात्रतेचं आधी बघा, ट्रायलचं नंतर (इंदूरच्या पोरापोरींसाठी)

बारावीचा निकाल लागला की आपल्या रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगरकडच्या घरांतनं फोन सुरू होतात, की पोरगी शाळेत नॅशनल खेळलीये, आता कॉलेजात खेळायचंय, ट्रायल कधी आहे, कोणाला भेटायचं. सगळे ट्रायलचीच तारीख विचारतात. ट्रायल होते ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, पण आपलं पोर खेळू शकणार की नाही हे त्याच्या कितीतरी आधी, अ‍ॅडमिशनचा फॉर्म भरताना ठरून गेलेलं असतं आणि त्या वेळी घरात कोणीच खेळाचा विचार करत नसतं, सगळं लक्ष कॉलेज कुठलं आणि फी किती याच्यावर असतं. मी इथे मैदानावर पोरांना खेळवतो, फॉर्म भरायला मदत करतो, आणि चांगली चांगली पोरं कागदावर बाद झालेली बघवत नाहीत, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी आहे, त्यामुळे साध्या गोष्टीही लिहिल्यात.

सगळ्यात आधी : डिग्री कुठल्या युनिव्हर्सिटीची मिळणार आहे?

कॉलेज इंदुरात आहे म्हणजे आपण देवी अहिल्या विश्वविद्यालयाकडूनच खेळणार असं बरेच जण धरून चालतात. तसं नसतं. तुमच्या डिग्रीवर ज्या युनिव्हर्सिटीचं नाव येणार, तिच्याच टीमसाठी तुम्ही पात्र.

होळकर सायन्सला असाल किंवा खंडवा रोडच्या तक्षशिला परिसरातल्या एखाद्या विभागात असाल तर डीएव्हीव्ही, म्हणजे हेच देवी अहिल्या विश्वविद्यालय. पण एसजीएसआयटीएसला इंजिनिअरिंग करत असाल तर ते भोपाळच्या राजीव गांधी प्रौद्योगिकी विश्वविद्यालयाशी जोडलेलं, एमजीएम मेडिकलला असाल तर जबलपूरचं मेडिकल विश्वविद्यालय, आणि कृषी महाविद्यालयात असाल तर ग्वाल्हेरचं राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विश्वविद्यालय. म्हणजे एकाच गल्लीत राहणाऱ्या, एकाच मैदानावर रोज प्रॅक्टिस करणाऱ्या तीन मित्रांचे सिलेक्शनचे रस्ते तीन वेगवेगळ्या गावांकडे जातात. खाजगी युनिव्हर्सिटीत घेतली अ‍ॅडमिशन तर तिची स्वतःची टीम असते, तिथे स्पर्धा कमी असू शकते पण टीम खरंच पाठवतात का, तुमच्या खेळात पाठवतात का, हे फी भरायच्या आधी विचारून घ्या. आधीच्या वर्षी कुठल्या खेळात एन्ट्री पाठवली होती ते सरळ विचारायचं, लाजायचं काही कारण नाही.

बाहेरगावच्या आपल्या लोकांसाठी एक सांगतो. बडोद्याला एमएस युनिव्हर्सिटीचं गणित निराळं आहे, तिथे आपल्यासारखी शंभर ठिकाणची कॉलेजं जोडलेली नसून फॅकल्ट्या आहेत, तर सिलेक्शन फॅकल्टीच्या सामन्यांतनं वर जातं. आणि ग्वाल्हेरला जीवाजी विश्वविद्यालय वेगळं आणि एलएनआयपीई वेगळी. एलएनआयपीई ही 1957 साली सुरू झालेली शारीरिक शिक्षणाची संस्था, ती स्वतःच युनिव्हर्सिटीच्या दर्जाची आहे, तिची टीम तिची.

वयाचं गणित

युनिव्हर्सिटी-युनिव्हर्सिटीमधल्या स्पर्धा, म्हणजे आपण ज्याला इंटर युनिव्हर्सिटी म्हणतो, त्या भरवते भारतीय विश्वविद्यालय संघ, सगळे एआययू म्हणतात. जुनी संस्था आहे, 1925 पासूनची. वयाची अट तिचीच चालते, कॉलेज किंवा कोच त्यात काही करू शकत नाही.

अट अशी की वय कमीत कमी 17 आणि 25 च्या आत पाहिजे, आणि हे वय मोजायचं त्या शैक्षणिक वर्षाच्या 1 जुलैला. सामना डिसेंबरात असला तरी वय 1 जुलैचंच बघतात. पूर्वी वरची मर्यादा 28 होती, त्यामुळे मोहल्ल्यातले जुने खेळाडू अजूनही पोरांना सांगतात की अठ्ठाविसापर्यंत चालतं रे, आरामात खेळ. आता चालत नाही. त्यांच्या वेळचा नियम त्यांच्याबरोबर गेला, मनावर घेऊ नका.

आता हे नीट करून बघू, कारण इथेच लोक अडकतात. समजा एकाचा जन्म 14 ऑगस्ट 2000 चा आहे. 1 जुलै 2025 ला तो 24 पूर्ण, पंचवीस पूर्ण व्हायला दीड महिना बाकी, म्हणजे 2025-26 चं पूर्ण सेशन तो खेळू शकतो, मधे ऑगस्टमधे पंचवीस झाला तरी काही फरक पडत नाही. पुढच्या सेशनला मात्र तो बाहेर. आता दुसरा, त्याचाच वर्गमित्र, जन्म 3 जून 2000. 1 जुलै 2025 ला त्याला पंचवीस होऊन चार आठवडे झालेले, म्हणजे तो त्याच सेशनला बाहेर. दोघांत फरक जेमतेम सव्वादोन महिन्यांचा आणि एकाला एक पूर्ण वर्ष जास्त मिळतं. म्हणून आपली जन्मतारीख आणि 1 जुलै हे दोन्ही कागदावर लिहून वजाबाकी करा, आणि नुसतं या वर्षाचं बघू नका, डिग्री तीन-चार वर्षांची, मग एमए, एमपीएड करायचं असेल तर त्या वर्षांचं पण आत्ताच करून ठेवा. म्हणजे आपल्याकडे किती सेशन शिल्लक आहेत ते कळतं आणि दुखापत झाली, एक वर्ष गेलं, तर घाईत चुकीचे निर्णय होत नाहीत.

खालची अट, सतराची, तिच्याकडे कोणी बघत नाही पण लवकर शाळेत घातलेल्या मुलींच्या बाबतीत ती आडवी येऊ शकते. सोळा वर्षं आणि काही महिन्यांची असताना फर्स्ट इयरला आली तर तिचंही 1 जुलैचं वय आधी तपासा.

आणि एक गोंधळ शाळेतनं येणाऱ्या पोरांचा असतो. शाळेत अंडर-14, अंडर-17, अंडर-19 असे गट असतात, फेडरेशनच्या स्पर्धांमधे परत वेगळे, अ‍ॅथलेटिक्समधे तर अंडर-20 म्हणजे त्या वर्षाच्या 31 डिसेंबरला जो 18 किंवा 19 चा असेल तो. युनिव्हर्सिटीत असे गट नाहीत. अठराची पोरगी आणि चोविसाची पोरगी एकाच ट्रॅकवर पळतात. फर्स्ट इयरला एकदम टीममधे नाव नाही आलं तर त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं, घरच्यांनी पोराला त्यावरून बोलू नये.

फक्त वयात बसणं पुरत नाही, रेग्युलर पाहिजे

आपल्याकडे ही सगळ्यात जास्त वेळा होणारी गोष्ट आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नियम म्हणतो की खेळाडू पूर्णवेळ, रेग्युलर विद्यार्थी पाहिजे, डिग्रीचा किंवा पीजी डिप्लोमाचा कोर्स पाहिजे, कोर्स निदान एका शैक्षणिक वर्षाचा पाहिजे आणि परीक्षा युनिव्हर्सिटीनं घेतलेली पाहिजे. आता मध्य प्रदेशात प्रायव्हेट फॉर्म भरून बीए, बीकॉम करायची जुनी पद्धत आहे, कागदावर त्याला स्वाध्यायी म्हणतात. घरात पैशाची ओढ असते, पोरगा दिवसभर कुठे काम करतो, संध्याकाळी नेहरू स्टेडियमला प्रॅक्टिस करतो, आणि कोणीतरी सल्ला देतं की प्रायव्हेट भर, अभ्यासाचा त्रास नाही, खेळायला वेळ मिळेल. सल्ला प्रेमानं दिलेला असतो पण त्या एका फॉर्मनं त्याचं इंटर युनिव्हर्सिटी संपतं. प्रायव्हेटवाला खेळू शकत नाही. भोज मुक्त विश्वविद्यालय किंवा इग्नूकडनं घरबसल्या डिग्री करणारा पण नाही. आता एका वेळी दोन डिग्र्या करायला परवानगी आहे, तर एक रेग्युलर आणि एक डिस्टन्स अशी असेल तर खेळासाठी रेग्युलरवालीच धरली जाईल.

तसंच पूर्णवेळ नोकरी करणारा विद्यार्थी पण बसत नाही. खेळाच्या जोरावर नोकरी लागली तर फार आनंदाची गोष्ट आहे, घ्या, पण मग युनिव्हर्सिटीचा नाद सोडा. दोन्हीकडे नाव ठेवून चालवायचा प्रयत्न करू नका, विरोधी टीमला हे कुठनं तरी कळतंच.

प्रोव्हिजनल अ‍ॅडमिशन म्हणजे कच्ची अ‍ॅडमिशन पण चालत नाही. ई-प्रवेशवर, म्हणजे अ‍ॅडमिशनच्या सरकारी पोर्टलवर, सीट मिळाली, थोडी फी भरली, पण टीसी जमा नाही, माइग्रेशन (जुन्या बोर्डातनं किंवा युनिव्हर्सिटीतनं दुसरीकडे जायचा दाखला) जमा नाही, असं असेल तर ती पक्की होईपर्यंत तुम्ही पात्र नाही. महाराष्ट्र बोर्डातनं बारावी करून इंदुरात आलेल्या पोरांचं नेमकं इथे अडतं, मामाकडे किंवा आजीकडे राहायला येतात, अ‍ॅडमिशन होते आणि माइग्रेशन सर्टिफिकेट तिकडे पुण्या-नाशकाला राहून जातं, ते मागवता मागवता टीमची यादी जाऊन चुकते. जून महिन्यातच अर्ज करून टाका.

आणि एकाच सेशनमधे दोन युनिव्हर्सिट्यांकडून खेळता येत नाही. अर्ध्यात कॉलेज बदललं तर हे लक्षात ठेवा.

हजेरीचं वेगळं सांगायला नको, पण सांगतो. 75 टक्के हजेरीचा नियम खेळाडूलाही आहे. टूर्नामेंटला गेलात की परत आल्यावर लगेच ड्यूटीचं पत्र क्रीडा अधिकाऱ्यांकडनं घ्या आणि प्रत्येक विषयाच्या सरांना, मॅडमना स्वतः जाऊन द्या. सेमिस्टरच्या शेवटी एकदम सगळी पत्रं घेऊन गेलात तर कोणीही वैतागेल.

बारावी होऊन किती वर्षं झाली?

हे घड्याळ वयाच्या सोबतीनं चालतं आणि बऱ्याच जणांना ते आहे हेच माहीत नसतं. पात्रतेच्या फॉर्मात नाव, वडलांचं नाव, जन्मतारीख याच्याबरोबरच बारावी पास झाल्याचं वर्ष, आत्ताचा वर्ग, कोर्स किती वर्षांचा, या वर्गात अ‍ॅडमिशनची तारीख आणि आधी कुठल्या वर्षी खेळलात हे सगळं भरावं लागतं. ते उगीच विचारत नाहीत. युनिव्हर्सिटीकडून खेळायची वर्षं मोजूनमापून मिळतात आणि ती पहिल्या अ‍ॅडमिशनच्या पात्रतेपासून, म्हणजे बारावीपासून मोजतात. बीए केलं, सोडलं, परत बीकॉम फर्स्ट इयरला घेतलं, म्हणजे घड्याळ परत शून्यावर आलं असं होत नाही.

गॅपचं पण तसंच. नीट किंवा जेईईसाठी दोन वर्षं घेतली तर त्यानं तुम्ही बाद होत नाही पण ती दोन वर्षं खर्ची पडतात, इकडनं वयातनंही आणि तिकडनं बारावीच्या हिशोबातनंही. भंवरकुवाकडे कोचिंगला बसलेल्या खेळाडू पोरांनी आणि त्यांच्या आईवडलांनी हा हिशोब एकदा तरी करून बघावा. अभ्यास सोडा असं माझं मुळीच म्हणणं नाही, फक्त काय देतोय ते माहीत असावं.

एटीकेटी लागली, वर्ष राहिलं, ब्रांच बदलली असं काहीही झालं असेल तर स्वतः अंदाज बांधू नका. क्रीडा अधिकाऱ्यांना त्या वर्षीचं एआययूचं परिपत्रक दाखवायला सांगा, आणि उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना लेखी घ्या. तोंडी "हो जाएगा"च्या भरवशावर राहू नये.

कागद, आणि आपल्या मराठी नावांची भानगड

वयाचा पुरावा म्हणून दहावीची मार्कशीट किंवा सर्टिफिकेट चालतं. आधार असतं पण वाद झाला तर दहावीचा कागदच बघतात. त्यावर जी जन्मतारीख, तीच तुमची जन्मतारीख, घरात वाढदिवस कधीही करत असा. आपल्याकडे जुन्या पद्धतीनं शाळेत घालताना तारीख अंदाजे टाकलेली असते, आजीला विचारलं तर ती सांगते हा तर दिवाळीतला, आणि मार्कशीटवर जुलै असतो. दहावीच्या कागदावर चूक असेल तर बोर्ड ठराविक मुदतीतच दुरुस्ती करतं, ती मुदत गेली की फार अवघड होऊन बसतं. म्हणून ज्यांची मुलं आत्ता नववी-दहावीत आहेत त्यांनी आजच कपाटातनं जन्माचा दाखला काढून शाळेतल्या नोंदीशी ताडून बघावा.

आता नावाचं. आपलं नाव तीन तुकड्यांचं, स्वतःचं, वडलांचं, आडनाव. आणि एमपी बोर्डाच्या मार्कशीटवर वडलांचं नाव खालच्या वेगळ्या रकान्यात असतं, वर नुसतं नाव आणि आडनाव. मग काय होतं की आधार काढताना घरच्यांनी पूर्ण तीन तुकडे लिहिलेले असतात, मार्कशीटवर दोन, बँकेत परत तिसरंच काहीतरी. त्यात स्पेलिंग, कुलकर्णीच्या इंग्रजी स्पेलिंगमधे एका कागदावर शेवटी आय आणि दुसऱ्यावर वाय असं मी स्वतः बघितलंय. जोशी, देशपांडे, वैद्य, सगळ्यांच्या घरात हे सापडेल. माणूस एकच आहे हे आपल्याला दिसतं पण यजमान युनिव्हर्सिटीच्या टेबलावर, सकाळी आठ वाजता, चाळीस टीमांचे कागद तपासणाऱ्या माणसाला ते दिसत नाही, आणि त्यानं ते मान्य करावं अशी अपेक्षाही धरू नये. सरळ उपाय हा की सगळे कागद दहावीच्या मार्कशीटप्रमाणे करून घ्या. आधार दुरुस्त होतं, थोडे हेलपाटे पडतात, पण फर्स्ट इयरच्या सुट्टीत एकदा करून टाकलं की डिग्रीभर बघावं लागत नाही. लग्न झालेल्या मुली एमएला खेळतात तेव्हा आडनाव बदललेलं असतं, त्यांनी कॉलेजच्या नोंदीत जे नाव आहे तेच खेळाच्या फॉर्मात ठेवावं.

एक फाइल करा. त्यात दहावी, बारावीची मार्कशीट, आधार, या सेशनच्या फीची पावती, कॉलेजचं आयकार्ड, मागच्या वर्गाची मार्कशीट, माइग्रेशन लागू असेल तर ते, आणि दहा-बारा पासपोर्ट फोटो. प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. डिजीलॉकरवर पण ठेवा, पण ओरिजिनल बरोबर न्यायचे ते न्यायचेच. बाहेरगावी जाताना ही फाइल किटबॅगमधे नको, ट्रेनमधे किटबॅग सीटखाली सरकवतात आणि पाणी सांडतं, टीम मॅनेजरकडे किंवा पाठीवरच्या बॅगेत ठेवा.

कॉलेजपासून वरपर्यंतचा रस्ता

मध्य प्रदेशात कॉलेजमधे खेळाचं काम बघणाऱ्यांना क्रीडा अधिकारी म्हणतात. अ‍ॅडमिशन झाली की पहिल्या आठवड्यात त्यांना जाऊन भेटा, नाव, खेळ, आधीची सर्टिफिकेटं दाखवा. त्यांच्याकडे वर्षाचं कॅलेंडर येतं. मग कॉलेजची टीम, तिथनं जिल्हा स्तर, संभाग (म्हणजे काही जिल्हे मिळून होणारा विभाग) स्तर, राज्य स्तर असा उच्च शिक्षण विभागाचा रस्ता, आणि युनिव्हर्सिटीच्या टीमचं सिलेक्शनही कॉलेजांच्या सामन्यांतनं आणि ट्रायलमधनं होतं. तारखा कधी कधी दोन-तीन दिवस आधी कळतात, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतात, त्यामुळे ग्रुपमधे नाव घालून घेणं हे अर्ध काम आहे. ज्या कॉलेजात तुमच्या खेळाची टीमच नाही, म्हणजे मुलींची खो-खोची टीम होत नाही कारण पुरेशा जणी गोळाच होत नाहीत, तिथे अ‍ॅडमिशन घेण्याआधीच विचार करावा. एकट्याच्या खेळात, अ‍ॅथलेटिक्स, बॅडमिंटन, टेबल टेनिस, तेवढी अडचण येत नाही.

युनिव्हर्सिटीच्या टीममधे आलात की सांघिक खेळात पहिली पायरी झोनची. आपण वेस्ट झोनमधे, म्हणजे महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, गोव्याच्या युनिव्हर्सिट्यांबरोबर. इथे पुणे, मुंबई अशा तगड्या टीमांशी गाठ पडते. झोनमधनं पहिल्या चार टीमा ऑल इंडियाला जातात.

पात्रतेच्या फॉर्मावर प्रिन्सिपल आणि युनिव्हर्सिटीच्या सह्या लागतात. सही करायच्या आधी आपली ओळ स्वतः वाचा. जन्मतारखेत दिवस आणि महिना उलटे पडलेले असतात, बारावीचं वर्ष चुकीचं टाईप झालेलं असतं, आणि एकदा सही-शिक्का होऊन यादी गेली की दुरुस्त करायला कोणी तयार होत नाही. यादीत नाव नाही तर मैदानात तुम्ही नाही, असं सरळ आहे. आणि हे वरच्या पातळीवरही घडतं. 2025 च्या जुलैमधे जर्मनीत ऱ्हाइन-रूहरला जागतिक विद्यापीठ स्पर्धा झाल्या, तिथे गेलेल्या आपल्या बॅडमिंटनच्या 12 जणांपैकी 6 जणांची नावं नीट दिली गेली नाहीत म्हणून त्यांना सामन्यात उतरताच आलं नाही. बाकीच्यांनी मिश्र सांघिकचं ब्राँझ आणलं. जी पोरं तिथपर्यंत जाऊन बाकावर बसली त्यांचा विचार केला की वाईट वाटतं, त्यांच्या खेळात काहीच कमी नव्हतं.

वय चोरण्याबद्दल

हे स्पष्टच बोलतो. कोणीतरी तुम्हाला सांगेल की तारीख थोडी मागेपुढे करून देतो, सगळेच करतात. करू नका, करून देणाऱ्याकडे परत पाऊलही टाकू नका.

लोकांना वाटतं पकडायचं तर हाडाची टेस्ट करावी लागेल. टीडब्ल्यू-3 म्हणून टेस्ट आहे, डाव्या हाताच्या पंजा-मनगटाचा एक्स-रे काढून हाडांच्या वाढीवरनं वय काढतात, क्रिकेटमधे अंडर-16 ला ती वापरतात. पण ती वाढत्या वयातल्या मुलांसाठी. साधारण सोळा-सतराच्या पुढे ही हाडं जुळून येतात, मग चोवीस आणि सव्वीस यातला फरक एक्स-रे सांगू शकत नाही. म्हणून कॉलेजच्या पातळीवर सगळा भार कागदांवर येतो, आणि कागद तर आता ऑनलाइन एका मिनिटात ताडून बघता येतात, बोर्डाचा रोल नंबर टाकला की झालं. समोरच्या टीमनं प्रोटेस्ट केला आणि सिद्ध झालं तर एकट्याचं नुकसान होत नाही, पूर्ण टीम जिंकलेला सामना गमावते. केंद्र सरकारनं वयचोरीविरुद्धची संहिता 2010 मधेच आणलीये, तिच्यात पहिल्यांदा सापडलं तर दोन वर्षांची बंदी आहे. विशीतल्या खेळाडूची दोन वर्षं म्हणजे जवळजवळ सगळंच.

पुढच्या स्पर्धा, त्यांची वयं वेगळी मोजतात

खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स 2020 साली भुवनेश्वरला सुरू झाले. तिथे थेट कोणी जात नाही, इंटर युनिव्हर्सिटीमधल्या वरच्या टीमा आणि खेळाडू जातात, सांघिक खेळात पहिल्या आठ. वय तिथेही पंचवीसच्या आतबाहेरच, पण त्या-त्या वर्षीच्या पत्रकात जन्मतारखा छापून येतात त्याच खऱ्या धरा.

जागतिक विद्यापीठ स्पर्धांचं, म्हणजे त्या भरवणाऱ्या फिसू या संघटनेचं, 18 ते 25 आहे पण ते मोजतात त्या वर्षाच्या 31 डिसेंबरला. म्हणजे 2025 ला 1 जानेवारी 2000 ते 31 डिसेंबर 2007 मधे जन्मलेले चालत होते. वर तो 3 जून 2000 वाला सांगितला ना, एआययूला बाहेर गेलेला, तो फिसूच्या वयात बसत होता. पुढच्या 2027 मधे दक्षिण कोरियात आहेत, त्याला जन्मसाल 2002 ते 2009. आणि एक चांगली सोय म्हणजे आदल्या वर्षी डिग्री पूर्ण झालेला खेळाडूही चालतो. चीनमधल्या चेंगडूच्या स्पर्धा कोविडमुळे 2021 च्या 2023 ला झाल्या तेव्हा त्यांनी वय 27 पर्यंत वाढवून दिलं होतं, पण ते तेवढ्यापुरतं, आता त्यावर आशा लावून बसू नका.

अमेरिकेत टेनिस, गोल्फच्या स्कॉलरशिपवर जायचं असेल तर वेगळीच दुनिया आहे. तिथे एनसीएए म्हणून संस्था आहे, तिच्या एलिजिबिलिटी सेंटरला नाव नोंदवावं लागतं, शाळेतले 16 विषय आणि त्यांचे गुण बघतात, आणि कॉलेजात पाऊल ठेवल्यापासून खेळायच्या वर्षांचं घड्याळ चालू होतं. टेनिसमधे बारावीनंतर उगीच वर्ष-दोन वर्षं टूर्नामेंट खेळत बसलात तर त्याचा फटका बसतो, म्हणून नववी-दहावीपासूनच नियम वाचायला घ्या. तिथले नियम सध्या वरचेवर बदलतायत, त्यामुळे एजंटच्या नाही, त्यांच्या स्वतःच्या साइटवरच्या ताज्या पानाच्या भरवशावर राहा.

औषधं

पात्रतेत हे पण येतं. युनिव्हर्सिटीच्या स्पर्धांमधे नाडाची, म्हणजे राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेची, माणसं डोप टेस्टला येऊ शकतात. शरीरात काय सापडलं त्याला खेळाडू जबाबदार, माहीत नव्हतं म्हणून सुटका नाही. सर्दीखोकल्याची गोळी, जिममधल्या भाऊनं दिलेली पावडर, दम्याचा पंप, काहीही असो, नाडाचं नो युवर मेडिसिन अ‍ॅप आहे त्यात नाव टाकून बघा. दमा वगैरे खरंच असेल तर डॉक्टरांचे कागद लावून सूट मागता येते, पण ती आधी मागायची.

खेळून आल्यावर

बऱ्याच जणांना वाटतं मेडल आणि सर्टिफिकेट मिळालं, संपलं. केंद्र सरकारच्या नोकरीत खेळाडूंच्या कोट्यासाठी ठरलेले फॉर्म असतात, आणि इंटर युनिव्हर्सिटीचा जो आहे तो फॉर्म 3. त्यावर सही लागते युनिव्हर्सिटीच्या खेळविभागाच्या प्रमुखांची, नुसतं रंगीत सर्टिफिकेट चालत नाही. पाच-सहा वर्षांनी नोकरीची जाहिरात निघाली की लोक हा फॉर्म करून घ्यायला धावतात आणि तोवर अधिकारी बदललेले असतात, जुनं रेकॉर्ड शोधायला कोणाला वेळ नसतो. स्पर्धेहून आल्यावर त्याच महिन्यात, टीमच्या यादीची झेरॉक्स आणि निकालाचा कागद जोडून, खंडवा रोडला किंवा तुमच्या युनिव्हर्सिटीचा जो खेळविभाग असेल तिथे जाऊन फॉर्म 3 करून घ्या, दोन ओरिजिनल प्रती करा, आणि एक घरी आईच्या ताब्यात द्या.